सरहद्दीवरच्या गावाचा बेत

प्रवासाचे बेत करण्याचा अधिकार आमच्या कुटुंबात आजवर वडीलधाऱ्यांकडे होता. कोठे जावयाचे ते थोरले बंधू ठरवीत, केव्हा जावयाचे ते मातोश्री पंचांग पाहून सांगत, फराळाचे डबे वहिनी भरीत, आणि सामान उचलण्याची कामगिरी तेवढी निर्विवादपणे आमच्या वाट्यास येई. यंदा हा क्रम मोडला. गेली दोन वर्षे चिनी भाषेच्या वर्गास जाणाऱ्या आमच्या पुतणीने एके रात्री, जेवणे आटोपून मंडळी दिवाणखान्यात बसली असता, जाहीर केले की, यंदा दिवाळीनंतर सर्वांनी मिळून चीन देशातील फंगह्वांग नावाच्या नदीकाठच्या जुन्या गावी जावे.

प्रथम कोणी काहीच बोलले नाही. मग दादांनी चष्मा काढून मेजावर ठेवला. या खुणेचा अर्थ घरातील लहानथोरांस चांगला ठाऊक आहे.

"१९६२ साली ज्यांनी आपल्यावर चाल केली, २०२० साली गलवानच्या खोऱ्यात ज्यांच्याशी झालेल्या झटापटीत आपले वीस सैनिक पडले, त्यांच्या देशात आपण मौजेखातर जावयाचे? त्यांच्या खाणावळीत आपण पैसे मोजावयाचे?"

प्रश्न रास्त होता. त्यास उडवाउडवीचे उत्तर देणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही, आणि पुतणीसही देता आले नाही. तेव्हा सर्वांच्या दृष्टी साहजिकच मातोश्रींकडे वळल्या. १९६२ साली त्या नुकत्याच लग्न होऊन या घरात आल्या होत्या, आणि संरक्षण निधीसाठी गावात सभा भरली तेव्हा त्यांनी हातांतील पाटल्या उतरवून दिल्या होत्या. ही हकीकत आमच्या घरातील प्रत्येक मुलाने दहादा तरी ऐकली आहे. या विषयावर बोलण्याचा अधिकार कोणास असेल तर त्यांसच होता. मातोश्रींनी वाती वळता वळता नातीला विचारले, "नदी आहे म्हणतेस ना? मग घाट आहे का? आणि खाली उतरायला पायऱ्या किती?"

दादांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढविला आणि आमच्याकडे पाहून म्हणाले, "आधी त्या गावाची नीट माहिती काढ. मग पाहू." येणेप्रमाणे एका चिनी गावाचा अभ्यास आमच्या गळ्यात पडला. त्या अभ्यासाचे जे काही फळ हाती आले, ते या महिन्याच्या सदरात वाचकांपुढे ठेवीत आहोत. ज्यांच्या घरी असा बेत शिजत असेल त्यांस त्याचा उपयोग होईल. ज्यांच्या घरी नसेल त्यांसही एका परक्या गावाची ओळख घडेल.

फंगह्वांग हे गाव चीनच्या हूनान प्रांतात, अगदी पश्चिमेकडील डोंगराळ मुलुखात वसले आहे. फंगह्वांग हे चिनी पुराणांतील एका मंगल पक्ष्याचे नाव असून त्या पक्ष्यावरूनच गावास हे नाव पडले आहे. गावामधून थ्वोच्यांग नावाची नदी वाहते. तिचे पाणी पुढे डोंगरांतून वाट काढीत युआन नदीस मिळते, तेथून तुंगथिंग सरोवरात जाते आणि शेवटी यांगत्सीच्या महाप्रवाहात मिसळते. नदीच्या काठाने लाकडी घरांची रांग उभी आहे. या घरांची पुढील बाजू गल्लीतील जमिनीवर टेकलेली, तर मागील बाजू उंच लाकडी खांबांवर तोललेली थेट पाण्यावर आलेली असते. गल्लीतून पाहावे तर साधे दुकान, आणि पैलतीरावरून पाहावे तर पाय लांब करून नदीत उतरलेला बगळा! गावाभोवती तांबूस वाळूच्या दगडाचा तट असून तो खांगशी बादशहाच्या काळी, अठराव्या शतकाच्या आरंभी, बांधलेला आहे. नदीवर छप्पर असलेला एक जुना दगडी पूल आहे; त्यास इंद्रधनुष्याचा पूल म्हणतात. त्याहून मौजेची गोष्ट म्हणजे, नदीच्या पात्रात एका तीरापासून दुसऱ्या तीरापर्यंत दगडी खुंटांची जोडरांग रोवलेली आहे. खुंटांवरून पाऊल टाकीत माणसे नदी ओलांडतात. ही वाट तरुणांसाठी आहे. मातोश्रींसाठी नाव आहे, आणि घाटाच्या पायऱ्याही आहेत. परंतु त्या ओल्या असतात, तेव्हा पायांत घसरणार नाहीत अशी पादत्राणे आणि हाताशी एक धट्टाकट्टा नातू एवढी तयारी हवीच.

एवढी माहिती कोणत्याही प्रवासवर्णनात मिळते. परंतु दादांच्या प्रश्नास तिचा काही उपयोग नव्हता. त्या प्रश्नाच्या जवळ आम्ही आलो ते गावाच्या तटाविषयी वाचताना. हा तट येथे बांधलाच कशासाठी? तर फंगह्वांग हे मुळात बाजाराचे किंवा देवस्थानाचे गाव नव्हे. ते लष्करी ठाणे होते. सभोवारच्या डोंगरांत म्याओ लोक राहतात. त्यांची भाषा, वेष, देवधर्म हे सारे मैदानी चिनी लोकांहून निराळे. मिंग घराण्याच्या काळी या मुलुखात म्याओ लोकांना आवर घालण्यासाठी एक लांबलचक भिंत बांधण्यात आली. जे म्याओ कर भरीत आणि सरकारचे ऐकत त्यांस राज्यकर्ते 'शिजलेले' म्हणत, आणि जे ऐकत नसत त्यांस 'कच्चे' म्हणत! शिजलेले भिंतीच्या अलीकडे, कच्चे पलीकडे. १७९५ साली या म्याओंनी मोठा उठाव केला आणि तो पुरता मोडण्यास राज्यकर्त्यांना १८०६ साल उजाडले. आज प्रवासी ज्या तटावर उभे राहून छायाचित्रे काढतात तो तट या वैराचा साक्षीदार आहे. आता मात्र हा सारा मुलूख म्याओ आणि थूच्या या दोन जमातींच्या नावाने ओळखला जाणारा स्वायत्त जिल्हा असून, ज्यांना बाहेर ठेवण्यासाठी भिंत घातली त्यांचेच भरतकाम आणि चांदीचे दागिने गावातील प्रत्येक दुकानात टांगलेले दिसतात.

या वैराची गोष्ट एका घरात शिरली तेव्हा काय झाले, हे ज्याने लिहून ठेवले तो लेखक याच गावचा. त्याचे नाव शन त्सुंगवन. जन्म १९०२, मृत्यू १९८८. घराणे लष्करी पेशाचे. आजोबा मोठ्या हुद्द्यावर चढलेले. त्सुंगवन स्वतः ऐन पोरवयात पलटणीत भरती झाला, विशीच्या सुमारास पेकिंगास गेला, वरच्या शिक्षणावाचूनच लिहू लागला आणि चीनच्या अर्वाचीन गद्यलेखकांत पहिल्या रांगेत जाऊन बसला. आपल्या आत्मचरित्रात त्याने आपल्या सख्ख्या आजीविषयी लिहिले आहे. ही आजी म्याओ जमातीची होती. त्या काळच्या नियमाप्रमाणे म्याओ स्त्रीच्या मुलांस सरकारी परीक्षेस बसता येत नसे. म्हणून मुलगे झाल्यावर तिला दूर कोठे तरी लावून देण्यात आले आणि ती मेली असे दाखविण्यासाठी गावाबाहेर तिचे थडगे बांधण्यात आले. थडगे खोटे, आत कोणीही नाही. लहानपणी त्सुंगवनला त्या थडग्यापुढे मस्तक टेकवावयास लावीत, आणि खरी गोष्ट त्याला पुढे कळली.

हा मजकूर आम्ही रात्री घरात वाचून दाखविला. वहिनी म्हणाल्या, "आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? त्या दिवशी वंशावळ काढली, सात पिढ्यांचे पुरुष नावानिशी सापडले. बायकांचे नाव आहे का एकीचे तरी?" यावर कोणाजवळ उत्तर नव्हते. मातोश्रींनी मात्र दोन आजेसासवांची नावे तेवढ्यात सांगितली, आणि पुतणीने ती कागदावर उतरून घेतली. एका परक्या गावाची माहिती काढावयास निघालो असता आमच्याच घराच्या वहीत अशी दोन नावांची भर पडली, हा लाभ अनपेक्षित खरा.

त्सुंगवनची सर्वांत नावाजलेली कादंबरी १९३४ साली प्रसिद्ध झाली. तिच्या चिनी नावाचा अर्थ 'सरहद्दीवरचे गाव' असा होतो. नदीवर तर चालविणारा एक म्हातारा आणि त्याची पोरकी नात यांची ती साधी, शांत कथा आहे. येथे प्रवास आखणाऱ्यांस एक सूचना केली पाहिजे. पुष्कळ लोक फंगह्वांग हेच त्या कथेतील गाव समजतात, तसे नाही. कथा घडते ती छातुंग नावाच्या दुसऱ्या एका गावी. फंगह्वांग हे लेखकाचे जन्मगाव. तेथील एका गल्लीत त्याचे घर जपून ठेवलेले असून ते पाहता येते. १९४९ नंतर त्याने कथा-कादंबरी लिहिणे जवळजवळ सोडूनच दिले, आणि संग्रहालयात बसून प्राचीन चिनी वस्त्रप्रावरणांचा अभ्यास केला. त्या विषयावरील त्याचा मोठा ग्रंथ १९८१ साली बाहेर पडला. मृत्यूनंतर, १९९२ साली, त्याच्या अस्थींचा काही भाग थ्वोच्यांग नदीत सोडण्यात आला आणि उरलेला गावाबाहेर टेकडीवर एका अनघड शिळेखाली ठेवण्यात आला. अस्थी गावच्या नदीत सोडल्या हे ऐकताच मातोश्रींना ते गाव एकदम ओळखीचे वाटू लागले.

या लहानशा गावाने आणखीही नामांकित माणसे दिली. १९१३-१४ साली चिनी प्रजासत्ताकाचे पंतप्रधान असलेले श्योंग शीलिंग हे येथलेच. पुढे त्यांनी राजकारण सोडून पेकिंगजवळ अनाथ मुलांसाठी मोठे आश्रमगृह चालविले. चित्रकार ह्वांग योंगयू हेही याच गावचे म्हणून ओळखले जात. १९८० साली चीनने काढलेले माकडाचे पोस्टाचे तिकीट त्यांच्याच चित्राचे. संग्राहक ते आज मोठ्या किमतीस घेतात. २०२३ साली हे चित्रकार अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी वारले.

आता आजच्या गावाविषयी. जी गोष्ट नाशिकच्या किंवा पंढरपूरच्या रहिवाशास सांगावी लागणार नाही, ती अशी की, ज्या गावास चार लोक आवडीने जातात तेथे लवकरच चार लाख जाऊ लागतात. २००१ साली फंगह्वांगची गणना ऐतिहासिक नगरांत झाली आणि पुढे गर्दी वाढतच गेली. एप्रिल २०१३ मध्ये अधिकाऱ्यांनी गावात पाऊल टाकण्यासाठीच १४८ युआनचे तिकीट बसविले. तेव्हा दुकानदारांनी दुकाने बंद ठेवून निषेध केला. गाव हे नाट्यगृह नव्हे, तेथे माणसे राहतात. पाहुण्यास दारात अडवून पैसे मागावयाचे, हा कोठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. तीन वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, ते तिकीट रद्द झाले. आज गल्ल्यांतून आणि नदीकाठी फिरण्यास पैसे पडत नाहीत. जुनी घरे आतून पाहण्यास आणि नौकाविहारास मात्र पडतात. गर्दीचा दुसरा परिणाम असा की, नदीकाठची कित्येक घरे आता पांथशाळा आणि पानगृहे झाली असून मूळचे रहिवासी दूर राहावयास गेले आहेत. रात्री दिव्यांच्या रोषणाईने नदी झगमगते आणि पानगृहांतील गाण्याबजावण्याचा कल्लोळ उशिरापर्यंत चालतो.

म्हणून आमची पहिली सूचना अशी की, ज्यांच्याबरोबर वृद्ध माणसे आहेत त्यांनी पाण्यावरची खोली घेण्याच्या मोहात पडू नये. मागच्या एखाद्या शांत गल्लीत, शक्यतो तळमजल्यावर, बिऱ्हाड करावे. परदेशी पाहुणे उतरवून घेतात की नाही, हेही आधी विचारून घ्यावे. दुसरी सूचना अशी की, गाव पाहावयाचे ते पहाटे. आमच्याकडील वृद्धांस पहाटे उठण्यास सांगावे लागत नाही, तेव्हा या कामी त्यांचा उपयोगच होईल. रोषणाई विझलेली असते, दुकानांच्या फळ्या लावलेल्या असतात, नदीवर धुके असते, आणि घाटाच्या पायरीवर गावच्या बायका लाकडी धोपटण्याने कपडे धूत असतात. ज्यांचे गाव आहे ते त्या वेळी दिसतात. एका दिवसात येऊन एका रात्रीत परतणाऱ्यास ते दिसत नाहीत. म्हणून निदान तीन रात्री राहावे.

वाट आता पूर्वीइतकी बिकट राहिलेली नाही. भारत आणि चीन यांमधील थेट विमाने २०२० साली बंद पडली होती. ती ऑक्टोबर २०२५ मध्ये कलकत्ता ते ग्वांगचौ या मार्गाने पुन्हा सुरू झाली. ग्वांगचौ म्हणजेच आपल्या जुन्या पुस्तकांतील कँटन. तेथून आगगाडीने हूनानची राजधानी छांगशा सुमारे सातशे किलोमीटर दूर आहे, आणि वेगवान गाडी हे अंतर अडीच-तीन तासांत तोडते. पूर्वी पुढे चीशौ गावापर्यंत जाऊन मोटारीने डोंगर चढावा लागे. डिसेंबर २०२१ मध्ये नवा लोहमार्ग झाल्यापासून फंगह्वांगचे स्वतःचे स्थानक झाले आहे. हे स्थानक जुन्या गावापासून काही किलोमीटर दूर आहे, हे लक्षात ठेवावे. व्हिसा आधी काढावा लागतो. आगगाडीची तिकिटे पारपत्रावरील नावानेच मिळतात आणि साधारण पंधरा दिवस आधी विक्रीस निघतात. दुकानांतून बहुतेक सारा व्यवहार भ्रमणध्वनीवरून चालतो, म्हणून त्याची तजवीज निघण्यापूर्वीच करावी. गूगलचे नकाशे आणि आपल्या नेहमीच्या संदेशवहनाच्या सोयी तेथे साध्या जोडणीवर चालत नाहीत. घरी राहणाऱ्यांस तसे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे विनाकारण काळजी लागत नाही.

काळ कोणता? जून-जुलैत तेथे पावसाचा जोर असतो. जुलै २०१४ मध्ये थ्वोच्यांगला आलेल्या महापुरात जुने गाव पाण्याखाली गेले होते. ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा त्यांच्या राष्ट्रीय सुट्टीचा. मेच्या आरंभीही सुट्टी असते. त्या दिवसांत गल्लीत तीळ ठेवावयास जागा राहत नाही. आपली दिवाळीची सुट्टी मात्र या दोहोंपासून दूर असून, त्या वेळी हवा थंड व सोसवेल अशी असते. एक गरम शाल आणि छत्री बरोबर असली म्हणजे झाले.

राहिला जेवणाचा प्रश्न, आणि आमच्या घरी खरी धास्ती याचीच होती. हूनानचे जेवण तिखट. पश्चिम हूनानात त्यात आंबटाची भर पडते, आणि धुरावर सुकविलेले मांस तर दारोदार टांगलेले असते. भाजीदेखील पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात, तेव्हा नुसते "मांस नको" म्हणून भागत नाही. परंतु यात एक गंमत आम्हांस सापडली. चिनी बौद्धांचा जो शुद्ध शाकाहार असतो त्यात मांसमच्छी तर नसतेच, पण कांदा-लसूणही वर्ज्य असतो. म्हणजे दादांचा शाकाहार तेथील स्वयंपाक्यास समजावून सांगणे अवघड, पण मातोश्रींचा चातुर्मास एका शब्दात समजण्याजोगा! पुतणीने चिनी अक्षरांत एक चिठ्ठी लिहून ठेवली आहे: मांस, मासे, अंडे, चरबी, कांदा, लसूण यांपैकी काही नको, तेलात परतलेली भाजी आणि साधा भात द्यावा. तिच्या दहा प्रती काढल्या आहेत. वहिनी मेतकूट, लोणचे आणि दशम्या घेणार आहेतच. शिवाय तेथे रस्त्यावर आले आणि गूळसाखर यांचा पाक आकड्यावर ओढओढून वड्या करतात, वर्णन ऐकून मातोश्री म्हणाल्या, "म्हणजे आपला आलेपाकच की!"

असो. एवढी तयारी झाली तरी दादांचा प्रश्न तेथेच राहतो, आणि तो आम्ही खोडून काढला असे आमचे म्हणणे नाही. त्या प्रश्नाशेजारी आम्ही फक्त एक नाव ठेवले. मातोश्रींचे माहेर सोलापूरचे, आणि सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस हे नाव त्यांनी बालपणापासून ऐकलेले. जपानने चीनवर आक्रमण केले असता १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक तिकडे धाडले, त्यात ते होते. उत्तर चीनमध्ये जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत असता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते वारले. त्या देशात आजही त्यांची समाधी जतन केलेली आहे. कोटणीसांची सेवा खरी आणि गलवानचे रक्तही खरे. एकाने दुसरे पुसले जात नाही. जाणाऱ्याने दोन्ही बरोबर घेऊन जावे. आणि ज्या बाईचे खोटे थडगे एका सरहद्दीने बांधविले, तिच्या नातवाच्या घरासमोर क्षणभर उभे राहावे. राज्ये एकमेकांशी कशी वागतात हे वर्तमानपत्रांत कळते. घाटावर कपडे धुणारी बाई पाहुण्याशी कशी बोलते हे तेथे गेल्यावाचून कळत नाही.

दादांनी अद्याप "हो" म्हटलेले नाही. परंतु परवा पारपत्रांची मुदत तपासण्यासाठी आम्ही घरातील सर्वांची पारपत्रे मेजावर मागितली, तेव्हा सर्वांत खाली त्यांचेही निघाले. आम्ही काही बोललो नाही. मातोश्रींनी पायऱ्यांची संख्या मात्र पुन्हा विचारली आहे, आणि ती आम्हांस अजूनही सांगता आलेली नाही. ती मोजून आल्यावर याच सदरात कळवू.